कंपनीचे काम दाखवता येत नाही, तर पोर्टफोलिओत ठेवायचे काय?

पत्र : मी बारा वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आणि गेली चार वर्षे पुण्यातील एका ई-लर्निंग कंपनीत इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणजे प्रशिक्षणाचे कोर्स आखणारी, म्हणून काम करते आहे. आता नोकरी बदलायची आहे. जमल्यास परदेशी ग्राहकांची फ्रीलान्स कामेही घ्यायची आहेत. जिथे अर्ज करावा तिथे ऑनलाइन पोर्टफोलिओची लिंक मागतात. माझे सगळे काम कंपनीच्या ग्राहकांसाठी झालेले असून त्यावर गोपनीयतेचा करार आहे. लोगो काढून आणि पासवर्ड लावून ते ठेवले तर चालेल का? मी स्टोरीबोर्ड, म्हणजे कोर्सचा स्क्रीनवार लेखी आराखडा, लिहिते; स्टोरीलाइन या कोर्स बांधण्याच्या सॉफ्टवेअरमधली बांधणी डेव्हलपर करतात. मग माझे म्हणून काय दाखवू? वेबसाइट कशावर करावी, मराठीतले काम ठेवावे का, शाळेतली वर्षे सांगावीत की झाकावीत? दिवाळीपर्यंत सहा नमुने तयार करण्याचा विचार आहे. — एक वाचक, पुणे

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तुम्ही मध्येच विचारून पुढे गेला आहात: बांधणी दुसऱ्याने केलेल्या कोर्समध्ये माझे असे काय होते? पोर्टफोलिओचा सारा आराखडा या प्रश्नाच्या उत्तरावर उभा राहणार आहे. मात्र त्याआधी गोपनीयतेचा विषय मिटवायला हवा, कारण तिथे पडलेले चुकीचे पाऊल मागे घेता येत नाही.

भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ याच्या कलम १७ नुसार, नोकरीच्या ओघात सेवेच्या कराराखाली केलेल्या कृतीचा पहिला मालक, करारात वेगळे काही ठरलेले नसेल तर, नियोक्ता असतो. तुमच्या कंपनीने ते हक्क बहुधा पुढे ग्राहकाला लिहून दिलेले असणार, म्हणजे परवानगी देणारे दोन पक्ष झाले. याच कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे हक्क दुसऱ्याकडे गेल्यावरही लेखकाला आपले कर्तृत्व सांगण्याचा अधिकार राहतो. परंतु ‘हे मी लिहिले’ असे म्हणणे आणि लिहिलेला मजकूर जगासमोर ठेवणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि गोपनीयतेचा करार तर या दोहोंपासून स्वतंत्रपणे लागू असतो. लोगो पुसल्याने हे बदलत नाही, कारण ग्राहकाचे गुपित लोगोत नसते. ते त्याच्या कामाच्या पद्धतीत, अंतर्गत सॉफ्टवेअरच्या स्क्रीनमध्ये आणि ग्राहकसेवेच्या संवादात असते, आणि ते सर्व तुमच्या कोर्समध्ये तसेच राहते. पासवर्डचेही तेच: तो ज्या क्षणी तुम्ही अनोळखी भरती अधिकाऱ्याला पाठवता, त्या क्षणी गोपनीय मजकूर तिसऱ्याच्या हाती गेलेला असतो. शिवाय तो अधिकारी हाच विचार करणार की उद्या ही व्यक्ती आमच्याकडचा मजकूरही अशीच दाखवील.

त्यामुळे एकच सरळ मार्ग उरतो. नेमकी कोणती दोन-तीन पाने, कोणती नावे बदलून, कुठे दाखवायची आहेत हे लिहून कंपनीकडे ईमेलने परवानगी मागावी, आणि उत्तर लेखी मिळाले तरच ती पाने वापरावीत. ‘पोर्टफोलिओसाठी काम दाखवू का?’ असे मोघम विचारले की उत्तर जवळजवळ नेहमी नाही येते. नेमके विचारल्यास निदान विचार होतो. परवानगी मिळाली नाही तर त्या कामाचा उल्लेख क्षेत्र, शिकणाऱ्यांचा प्रकार आणि तुमची भूमिका इतपतच ठेवावा, आणि तोही करारात बसतो की नाही हे आधी वाचून पाहावे. करारातील एखादे कलम संदिग्ध वाटले तर ते वकिलाला दाखवण्याचा खर्च वाया जाणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. इन्स्ट्रक्शनल डिझायनरची निवड करणाऱ्या व्यक्तीसमोर चकचकीत स्क्रीन रोजच येतात, आणि तयार टेम्प्लेटांमुळे त्या बऱ्याचशा एकसारख्या दिसतात. तिला स्क्रीनवरून एकच गोष्ट कळत नाही: समोरच्या माणसाने काय गाळले, काय ठेवले आणि का. ती गोष्ट तुमची आहे, बांधणी कोणीही केलेली असो. म्हणून पोर्टफोलिओतील प्रत्येक नमुना हा एखाद्या निर्णयाचा पुरावा असला पाहिजे, आणि ज्या नमुन्याबाबत असा निर्णय तुम्हाला दोन वाक्यांत सांगता येत नाही, तो नमुना कितीही देखणा झाला तरी ठेवू नये.

एक उदाहरण जरा सविस्तर घेतो. तुम्ही विज्ञान शिकवले आहे, मोजमाप हा तुमचा हातखंडा विषय असणार, म्हणून अंगणवाडी सेविकांसाठी बालकाचा दंडघेर मोजण्याचे प्रशिक्षण हा विषय सुचवतो. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर पट्टी लावून हे मोजमाप घेतात, ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी आले तर मूल तीव्र कुपोषित म्हणजे सॅम, आणि ११.५ ते १२.५ च्या दरम्यान आले तर मध्यम कुपोषित म्हणजे मॅम गणले जाते. एखाद्या ग्राहकाने हा विषय दिला असता तर बहुधा अर्ध्या तासाचा कोर्स मागितला असता: कुपोषण म्हणजे काय, त्याची कारणे, १९७५ मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा इतिहास, आणि शेवटी दहा बहुपर्यायी प्रश्न. तुमचे काम इथून सुरू होते. सेविका प्रत्यक्षात चुकते कुठे, हे विचारल्यावर चित्र पालटते. दंडाचा मध्य न मोजता अंदाजाने धरला जातो. पट्टी आवळली जाते आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो. सहा महिन्यांखालील बाळालाही तीच पट्टी लावून तोच निकष वापरला जातो. आणि दोन्ही पायांवर सूज असलेले मूल गुबगुबीत दिसते म्हणून सुटून जाते, वास्तविक तशी सूज असेल तर दंडघेर कितीही आला तरी ते मूल तीव्र कुपोषितच धरायचे असते.

हे हाती आल्यावर योजनेचा इतिहास गळतो आणि उरतात चार मुलांचे चार प्रसंग, ज्यांत सेविकेने मोजमाप वाचून पुढे काय करायचे ते ठरवायचे आहे. एका प्रसंगात पट्टी हिरव्या, म्हणजे मूल ठीक असल्याचे दाखवणाऱ्या, भागात आहे, पण चित्रात पाय सुजलेले आहेत आणि मजकुरात त्याचा उल्लेख नाही. ज्याने ते पाहिले नाही त्याचे उत्तर चुकते, आणि चुकल्यावर येणारा अभिप्राय ‘चूक, पुन्हा प्रयत्न करा’ असा कोरडा नसून त्या मुलाचे पुढे काय होईल ते सांगणारा असतो. आता याहून महत्त्वाचा निर्णय: पट्टी किती घट्ट धरायची हे स्क्रीनवर शिकवता येत नाही. ते हातानेच शिकावे लागते. म्हणून तुमच्या आराखड्यात मोड्यूलनंतर मासिक बैठकीत पर्यवेक्षिकेसमोर प्रत्यक्ष पट्टीने सराव आणि त्यासाठी तिच्या हाती द्यायची अर्ध्या पानाची निरीक्षण-सूची आली पाहिजे. कोर्स विकण्याच्या धंद्यात ‘इथे कोर्स पुरणार नाही’ असे स्पष्ट लिहिणारा डिझायनर क्वचित भेटतो, आणि अनुभवी निवडकर्ता त्या वाक्यापाशी थांबतो. मात्र हा नमुना करताना दोन पथ्ये पाळावीत. आशय एखाद्या अंगणवाडी सेविकेला किंवा आरोग्य कर्मचाऱ्याला दाखवून तपासून घ्यावा. आणि हा स्वतःहून केलेला सराव-नमुना असून कोणत्याही शासकीय विभागासाठी केलेला नाही, हे नमुन्याच्या वरच ठळकपणे लिहावे.

विषय तुम्ही दुसराही घेऊ शकता. फक्त फिशिंगचे (फसवून माहिती काढणारे) ईमेल, आग लागल्यावर काय करावे आणि पॉशचे, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या प्रतिबंधाचे, सक्तीचे प्रशिक्षण हे तीन विषय शक्यतो टाळा. ते वाईट आहेत म्हणून नव्हे, तर प्रत्येक दुसऱ्या पोर्टफोलिओत ते असतात आणि त्यांतले प्रसंगही ठरलेलेच असतात.

स्टोरीबोर्डबद्दल तुम्हाला संकोच वाटतो आहे, तो सोडावा. आपल्याकडच्या कंपन्यांत स्टोरीबोर्ड लिहिणारा, ग्राफिक करणारा आणि टूलमध्ये बांधणारा हे बहुधा वेगळे असतात, आणि तिथल्या निवडीत स्टोरीबोर्डच पाहिला जातो. दंडघेराच्या नमुन्याची स्टोरीबोर्डची चार-पाच पाने तशीच ठेवा: स्क्रीनवरचा मजकूर, निवेदन, दृश्याचे वर्णन, शिकणाऱ्याची कृती, प्रत्येक उत्तराचा अभिप्राय आणि डेव्हलपरसाठीच्या सूचना अशा रकान्यांसह. शक्य असल्यास पहिला मसुदा आणि तपासणीनंतर बदललेला मसुदा शेजारी शेजारी ठेवा, आणि बदल का केला ते समासात लिहा. परदेशी फ्रीलान्स कामांत मात्र एकाच व्यक्तीने लिहावे आणि बांधावेही अशी अपेक्षा बरेचदा असते. त्यामुळे किमान एक नमुना तुम्ही स्वतः शेवटपर्यंत बांधलेला हवा. त्यात गुंतागुंतीची ॲनिमेशन नकोत. चार प्रसंग, काही ट्रिगर (कशावर क्लिक केले की काय घडावे याच्या सूचना), एक-दोन व्हेरिएबल (शिकणाऱ्याची उत्तरे लक्षात ठेवणाऱ्या नोंदी) एवढे नीट चालले की पुरे. स्टोरीलाइन ज्यात येते त्या आर्टिक्युलेट ३६० ची चाचणी आवृत्ती ३० दिवस विनामूल्य मिळते, म्हणून स्टोरीबोर्ड पूर्ण तयार झाल्यावरच ती सुरू करा. अनेकजण आधी चाचणी सुरू करतात आणि विषय ठरेपर्यंत ती संपते. सदस्यत्व घ्यायचे नसेल तर एचफाइव्हपी हे मुक्त साधन आहे, आणि शाखा असलेले, म्हणजे उत्तराप्रमाणे पुढची वाट बदलणारे, प्रसंग त्यातही करता येतात.

सहा नमुन्यांचा बेत सोडून द्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. तीन पुरतात, पण ते तीन प्रकारचे हवेत. पहिला वर सांगितलेला प्रसंगाधारित मोड्यूल. दुसरा, प्रशिक्षकासाठीची मार्गदर्शिका: दीड तासाच्या प्रत्यक्ष किंवा ऑनलाइन सत्राची, वेळेच्या वाटणीसह, प्रशिक्षकाने कोणता प्रश्न विचारायचा, वर्ग गप्प राहिला तर काय करायचे, कोणते चुकीचे उत्तर हमखास येते आणि त्यावर कसे वळायचे हे सांगणारी. तिसरा नमुना लहान असावा: मोठा मजकूर एका पानावर आणण्याचा. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये आर्थिक फसवणुकीच्या पद्धतींवर पुस्तिका प्रसिद्ध केली, तिच्यातील यूपीआयसंबंधीच्या माहितीवरून एखाद्या किराणा दुकानदाराने गल्ल्याजवळ चिकटवावे असे एक पान करता येईल. पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, आणि फसवणूक झालीच तर १९३० या मदत क्रमांकावर ताबडतोब फोन करायचा, या दोन गोष्टी त्याला घाईच्या वेळी सापडल्या पाहिजेत. बाकी काय गाळले ते तुम्ही सोबतच्या टिपणात लिहाल. तथ्ये घ्यावीत, पुस्तिकेचे शब्द आणि चित्रे घेऊ नयेत.

प्रत्येक नमुन्यासोबत एक टिपण असेल, आणि माझ्या मते पोर्टफोलिओचा जीव या टिपणातच असतो. अडचण कोणती होती, शिकणारा कोण, बंधने कोणती, तुमची भूमिका काय आणि दुसऱ्यांनी काय केले, कोणता निर्णय घेतला आणि कोणता पर्याय नाकारला, एवढे तीनशे-चारशे शब्दांत यावे. ॲडी, ब्लूम, गान्ये, कर्कपॅट्रिक ही प्रशिक्षणशास्त्रातल्या सिद्धान्तांची आणि पद्धतींची नावे टिपणात शिंपडण्याचा मोह आवरावा. ज्याला ती माहीत आहेत त्याला केवळ नावांनी काही कळत नाही, आणि ज्याला माहीत नाहीत तो पान बंद करतो. उद्दिष्ट मात्र नेमके लिहावे: ‘दंडघेराची माहिती मिळेल’ याऐवजी ‘पट्टीवरील आकडा आणि पायांची सूज पाहून मूल कोणत्या गटात येते ते ठरवील’.

परिणामांविषयी मला जरा कडक बोलावे लागेल. ‘शिकणाऱ्यांचा सहभाग ४० टक्क्यांनी वाढला’ अशी वाक्ये पोर्टफोलिओंत सर्रास दिसतात आणि मुलाखतीत ‘कशावरून?’ असे विचारताच कोसळतात. सराव-नमुन्याला कामाच्या ठिकाणचा परिणाम असूच शकत नाही, हे प्रांजळपणे लिहावे. त्याऐवजी चार-पाच जणांना नमुना तुमच्यासमोर करायला द्या, मध्ये बोलू नका, ते कुठे अडखळतात ते टिपून घ्या आणि त्यावरून काय बदलले ते लिहा. प्रत्यक्ष राबवले असते तर काय मोजले असते, हेही एका परिच्छेदात सांगता येईल; दंडघेराच्या बाबतीत ते सोपे आहे, कारण त्याच मुलाचे सेविकेने घेतलेले माप आणि पर्यवेक्षिकेने घेतलेले माप यांतील फरक प्रशिक्षणाआधी आणि नंतर पाहता येतो.

वेबसाइट कशावर करावी हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात, आणि खरे तर तो सर्वांत कमी महत्त्वाचा आहे. गूगल साइट्स, वर्डप्रेस, विक्स यांपैकी जे तुम्हाला स्वतःला दुरुस्त करता येईल ते घ्या. स्वतःच्या नावाचे डोमेन मात्र घ्या, म्हणजे उद्या साधन बदलले तरी रेझ्युमेवरचा पत्ता तोच राहील. मुखपृष्ठावर तुम्ही कोणासाठी काय करता ते एका वाक्यात आणि लगेच खाली तीन नमुने; ‘माझ्याविषयी’ आणि ‘संपर्क’ ही दोन पाने वेगळी. याहून अधिक रचनेची गरज नाही.

तांत्रिक खाचखळगे मात्र आहेत. स्टोरीलाइनचा कोर्स वेबसाठी प्रकाशित केला की एकच फाइल मिळत नाही, एचटीएमएल आणि इतर फायलींचा फोल्डर मिळतो; तो गूगल ड्राइव्हवर चढवून लिंक दिली तर कोर्स उघडत नाही, कारण ड्राइव्हवरून वेबपाने चालवण्याची सोय २०१६ मध्येच बंद झाली. त्यासाठी ॲमेझॉन एसथ्री, नेटलिफाय किंवा गिटहब पेजेस यांसारखी जागा लागते. आर्टिक्युलेटच्या रिव्ह्यू ३६० या कोर्स तपासायला देण्याच्या सेवेवरची लिंक सोयीची असली, तरी ती तुमच्या किंवा कंपनीच्या सदस्यत्वावर टिकून असते, म्हणून तिच्या भरवशावर अर्ज पाठवू नका. स्कॉर्म पॅकेज, म्हणजे ठरावीक मानकात बांधलेला कोर्स, हे एलएमएससाठी, म्हणजे कोर्स चालवून शिकणाऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रणालीसाठी असते. ते तुम्हाला जमते हे दाखवायचे असेल तर स्कॉर्म क्लाउडच्या विनामूल्य खात्यावर ते चालवून पाहा आणि पूर्णत्व व गुण कसे नोंदले जातात याचे एक छायाचित्र टिपणात घाला. प्रत्येक नमुना स्वस्तातल्या मोबाइलवर आणि मोबाइल डेटावर उघडून पाहावा. निवड करणारे अनेकदा प्रवासातच लिंक उघडतात. आणि ज्याला कोर्स करायला वेळच नाही त्याच्यासाठी प्रत्येक नमुन्याचा दोन मिनिटांचा स्क्रीन-व्हिडिओ ठेवावा.

परदेशी ग्राहकांचा विचार असेल तर सुगम्यता, म्हणजे दिव्यांग व्यक्तींनाही कोर्स वापरता येणे, हा विषय टाळता येणार नाही. साध्या आकाराच्या मजकुराचा पार्श्वभूमीशी उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ असावा, चित्रांना पर्यायी मजकूर आणि निवेदनाला उपशीर्षके असावीत, माउसशिवाय केवळ कीबोर्डने कोर्स पुढे नेता यावा, हे वेब सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत येते. युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून लागू झाल्यापासून तिकडचे ग्राहक याबाबत अधिक काटेकोर झाले असणार. आपल्याकडेही दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ आहे, जरी इथल्या निविदांमध्ये त्याची आठवण शेवटी होते.

मराठी काम जरूर ठेवावे. एक नमुना मराठीत आणि त्याचे टिपण इंग्रजीत, अशी विभागणी मला योग्य वाटते. म्हणजे मराठी न वाचणाऱ्यालाही निर्णय कळतात आणि वाचणाऱ्याला तुमची भाषा दिसते. शासकीय प्रकल्प, स्वयंसेवी संस्था, बँकांचे ग्रामीण विभाग यांना सेविका किंवा शेतकरी ज्या मराठीत बोलतो ती लिहिणारा डिझायनर हवा असतो, आणि इंग्रजी स्टोरीबोर्डचे शब्दशः रूपांतर पाहून ते वैतागलेले असतात. मजकूर युनिकोडमध्येच लिहा. श्री-लिपी किंवा कृतिदेव या युनिकोडपूर्व फॉन्टमधला जुना मजकूर तसाच चिकटवला तर स्क्रीनवर निरर्थक अक्षरे येतात. ‘मुक्त’ (Mukta) नावाचा किंवा नोटो सान्स देवनागरी यांसारखा फॉन्ट घ्या आणि ओळींमधले अंतर इंग्रजीपेक्षा अधिक ठेवा, कारण वेलांट्या, मात्रा आणि उकार वर-खाली जागा घेतात. जोडाक्षरे फुटत नाहीत ना, हे प्रकाशित झालेल्या रूपातच तपासावे. टूलमध्ये नीट दिसलेला मजकूर ब्राउझरमध्ये बिघडलेला मी पाहिला आहे. निवेदनासाठी यंत्राचा आवाज वापरणार असाल तर च आणि ज यांचे दोन्ही उच्चार कान देऊन ऐका. नाही तर सरळ आपल्या आवाजात ध्वनिमुद्रण करा, बारा वर्षे वर्गात बोललेल्या व्यक्तीला ते जड जाणार नाही. चित्रे वा मजकूर यांत कृत्रिम बुद्धिमत्तेची मदत घेतली असेल तर कुठे घेतली ते टिपणात एका वाक्यात लिहावे.

शाळेतली वर्षे झाकण्याचे कारण मला दिसत नाही. पण ‘मला शिकवण्याची मनापासून आवड आहे’ या वाक्याने ती सांगू नका, ते सगळेच लिहितात. मुलांना वजन आणि वस्तुमान यांत गोंधळ का होतो आणि तो कोणत्या प्रश्नाने उघड होतो हे तुम्हाला अनुभवाने माहीत आहे. चुकीच्या समजुतीचा असा अंदाज बांधता येणे हेच बहुपर्यायी प्रश्नांचे चांगले पर्याय लिहिण्याचे कौशल्य आहे. ‘माझ्याविषयी’च्या पानावर असे एखादे उदाहरण द्या आणि ते तुमच्या एखाद्या नमुन्यातील प्रश्नाशी जोडून दाखवा. शाळेतले फोटो नकोत; मुलांचे चेहरे सार्वजनिक ठिकाणी ठेवणे पालकांच्या संमतीशिवाय योग्य नाही.

क्रमाविषयी सांगायचे तर, दिवाळीची मुदत ठेवा, पण तीत एकच नमुना टिपणासह पूर्ण करून वेबसाइट खुली करा आणि तेवढ्यावरच अर्ज पाठवायला लागा. मुलाखतीत कोणते प्रश्न येतात त्यावरून दुसऱ्या आणि तिसऱ्या नमुन्याचा विषय अधिक नेमका ठरेल; कदाचित मार्गदर्शिकेऐवजी एखाद्या सॉफ्टवेअरचे प्रात्यक्षिक हवे आहे असे लक्षात येईल. कंपनीच्या लॅपटॉपवर, कंपनीच्या परवान्याने किंवा कामाच्या वेळेत यातले काहीही करू नका, नाही तर मालकीचा प्रश्न पुन्हा तिथेच येऊन उभा राहील.

संपर्काच्या पानावर ईमेल किंवा फॉर्म आणि लिंक्डइनची लिंक पुरेशी आहे. डाउनलोडसाठी ठेवलेल्या रेझ्युमेच्या पीडीएफमधून घरचा पत्ता, जन्मतारीख आणि मोबाइल क्रमांक काढून टाका. ज्याला फोन करायचा आहे तो ईमेलने क्रमांक मागून घेईल.